टर्नरचे व्हेनिस आणि खाडीवरचा उजेड

जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर या इंग्रज चित्रकाराने साऱ्या आयुष्यात मिळून व्हेनिसमध्ये चार आठवडेही काढले नाहीत. १८१९ मध्ये जेमतेम काही दिवस, १८३३ मध्ये पुन्हा एक धावती भेट आणि १८४० च्या ऑगस्टअखेरीस सुमारे दोन आठवड्यांचा मुक्काम, एवढाच काय तो या शहराचा त्याला लाभलेला सहवास. तरीही कालव्यांचे हे शहर डोळ्यांसमोर आणायचे म्हटले की अनेकांना आठवते ते टर्नरचेच व्हेनिस. दुधाळ आकाश, त्यात विरघळत चाललेले घुमट, पाण्यात लांबवर ओघळलेली पिवळी-केशरी प्रतिबिंबे आणि या साऱ्यातून अलगद सरकणारी एखादी होडी. व्हेनिसमध्ये जन्मलेल्या आणि तेथेच आयुष्य वेचलेल्या चित्रकारांनी या शहराची शेकडो अचूक चित्रे काढली आहेत. त्यांतील विटा मोजता येतात. टर्नरच्या चित्रात विटा नाहीत, पण हवा आहे, आणि पाहणारा थांबतो तो त्या हवेपाशी.

ही हवा रंगवली कशी जाते, हा प्रश्न वाटतो तितका गूढ नाही. प्रतिभेचा भाग वेगळा ठेवला तरी टर्नरच्या हातात काही अगदी ठोस युक्त्या होत्या. त्यांमागे डोळ्यांचे आणि पाण्याचे साधे नियम आहेत. हे नियम समजून घेण्यासाठी 'द सन ऑफ व्हेनिस गोइंग टू सी' या त्याच्या १८४३ सालच्या तैलचित्राइतके सोयीचे उदाहरण दुसरे सापडणार नाही. लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचा हा कॅनव्हास फार मोठा नाही. त्याची रुंदी सुमारे ९२ सेंटिमीटर आणि उंची ६२ सेंटिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे दिवाणखान्यातील भिंतीवर सहज मावेल एवढाच. 'व्हेनिसचा सूर्य' हे यात एका मासेमारी होडीचे नाव आहे. तिच्या उंच शिडावर सूर्य रंगवलेला असून तेथेच होडीचे नावही लिहिले आहे. शिडे अशी चितारण्याची रीत तिथल्या कोळ्यांमध्ये होती. सकाळची वेळ, शांत हिरवट पाणी, मागे धुक्यासारखे फिके शहर आणि खाडीतून समुद्राकडे निघालेली ही नटवी होडी. चित्रात घडते ते एवढेच.

शहर पडले, चित्र उरले

टर्नर पहिल्यांदा तेथे पोहोचला तेव्हा व्हेनिसचे वैभव संपलेले होते. सुमारे हजार वर्षे टिकलेले हे व्यापारी प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजांपुढे कोसळले आणि नंतर ते ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेले. राजवाडे ओस पडू लागले होते. इंग्रजी कवी आणि प्रवासी याच पडझडीवर लुब्ध झाले. रोमँटिक, अर्थात स्वच्छंदतावादी, कलावंतांना भग्नतेचे जे आकर्षण होते, त्याला व्हेनिससारखे दुसरे ठिकाण नव्हते.

त्याच्या आधीच्या शतकात कॅनालेट्टोने याच शहराची जी दृश्ये रंगवली, ती विशेषतः श्रीमंत इंग्रज पर्यटकांसाठी होती. स्वच्छ ऊन, ठळक रेषा, प्रत्येक खिडकी जागच्या जागी. टर्नरला या पूर्वसूरीविषयी आदर होता. व्हेनिसवरील तैलचित्रे त्याने १८३३ मध्ये रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली, त्यांतील एकात तर त्याने चक्क कॅनालेट्टोलाच चित्र काढताना दाखवले आहे. पण आदर वेगळा आणि अनुकरण वेगळे. १८३५ साली प्रदर्शित झालेले, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेले सालुते चर्चच्या पायऱ्यांवरून दिसणारे ग्रँड कॅनालचे दृश्य पाहावे. जागा ओळखू येतात, मात्र एकाच ठिकाणी उभे राहून त्या तशा दिसणे शक्य नाही. टर्नरने वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिलेले भाग एकत्र आणले आहेत. रॉयल अकॅडमीत यथार्थदर्शनाचा प्राध्यापक म्हणून काम केलेल्या माणसाने हे केले, याचा अर्थ ते अज्ञानातून झालेले नाही, हे उघड आहे.

१८४० च्या मुक्कामात तो ग्रँड कॅनालच्या मुखाशी असलेल्या हॉटेल युरोपात उतरला होता. त्याच हॉटेलात उतरलेला विल्यम कॅलो हा तरुण चित्रकार पुढे एक आठवण सांगे. संध्याकाळी कॅलो गोंडोलात बसून निवांत सिगार ओढत होता, तेव्हा पासष्टीतला टर्नर दुसऱ्या गोंडोलातून सान जॉर्जो बेटाची रेखाटने करताना त्याला दिसला. आपल्या आळसाची कॅलोला लाज वाटली. टर्नरने या भेटींतून वह्याच्या वह्या भरून पेन्सिलीची रेखाटने आणि जलरंगातील टिपणे लंडनला नेली. 'व्हेनिसचा सूर्य' प्रदर्शित झाला तो या शेवटच्या भेटीनंतर तीन वर्षांनी. समोर शहर नसताना रंगवलेली ही चित्रे आहेत, हे लक्षात ठेवले की त्यांतील तपशिलांची गळती आपोआप समजते. स्मरणात राहते तेवढेच चित्रात उतरते.

उजेड येतो कोठून?

टर्नरच्या आधीचे बहुतेक तैलचित्रकार कॅनव्हासवर प्रथम तपकिरी किंवा मातकट रंगाचे अस्तर देत आणि मग त्यावर उजळ भाग चढवत. अंधारातून उजेडाकडे, असा तो प्रवास असे. टर्नर तरुणपणी जलरंगात तयार झालेला. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो, कागद हाच उजेड असतो. रंगाचा पातळ थर पार करून प्रकाश कागदावर आपटतो, परततो आणि म्हणून रंग आतून उजळल्यासारखा वाटतो. हीच युक्ती त्याने तैलरंगात आणली. कॅनव्हासला पांढरे अस्तर द्यायचे आणि त्यावर रंगाचे पातळ, अर्धपारदर्शक थर चढवायचे. त्या काळच्या जाणकारांना हे मुळीच रुचले नाही. सर जॉर्ज ब्युमाँट या वजनदार रसिकाने टर्नर आणि त्याच्या वाटेने जाणाऱ्यांची 'पांढरे चित्रकार' म्हणून संभावना केली होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उजेड दाखवायचा म्हणजे पांढरा लावायचा, असा नवशिक्याचा समज असतो. प्रत्यक्षात कॅनव्हासवरचा सर्वांत पांढरा ठिपकाही खऱ्या सूर्याच्या तुलनेत अंधारच असतो. प्रकाशाचा भास निर्माण होतो तो शेजारच्या रंगांच्या नात्यातून. टर्नरने व्हेनिसच्या चित्रांत सावल्यांमधला काळा आणि गडद तपकिरी जवळजवळ हद्दपार केला. फिकट पिवळ्याशेजारी तो फिकट जांभळा-निळा ठेवतो. दोन्ही रंग गडदपणाच्या पट्टीवर जवळपास सारखेच असतात, फरक असतो तो उष्ण आणि शीत एवढाच. अशा ठिकाणी डोळ्याला कडा नीट पकडता येत नाही आणि ती जागा थरथरल्यासारखी, झळाळल्यासारखी भासते. अशा चित्राचे कृष्णधवल छायाचित्र काढले तर अर्धे शहर नाहीसे होते. टर्नरच्या व्हेनिसचा सारा डोलारा रंगांच्या तापमानावर उभा आहे, तो छायाप्रकाशावर नाही.

त्यात हवेचा भाग येतो. दमट किनाऱ्यावर हवेतील सूक्ष्म क्षार आणि धूलिकण पाणी शोषून फुगतात. असे फुगलेले कण सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून धुरकटपणा पांढुरका दिसतो. आपण आणि दूरची इमारत यांच्यामध्ये या उजळ कणांचा पडदा उभा राहतो. तो सर्वप्रथम गिळतो त्या सावल्या. उजळ भाग थोडा मंद होतो, पण काळोखे भाग कितीतरी उजळतात, आणि अखेर इमारतीचा नुसता आकार उरतो. 'व्हेनिसच्या सूर्या'मागचे शहर याच नियमाने रंगवलेले आहे. ते अस्पष्ट आहे याचा अर्थ निष्काळजीपणा असा नव्हे. जवळच्या होडीला गडद भाग दिले आहेत, शहराला ते नाकारले आहेत, आणि या दोहोंतील अंतर हाच चित्रातील अवकाश आहे.

हे पडताळून पाहण्यासाठी इटलीचे तिकीट काढण्याची गरज नाही. उपनगरांना दोन्ही बाजूंनी पाणी आहे. पूर्वेला घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या कडेने ठाण्याची खाडी आणि मिठागरे, पश्चिमेला वेसावे, मार्वे, मनोरी, गोराई. हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास पूर्व द्रुतगती महामार्गावरून मुलुंडजवळच्या मिठागरांकडे नजर टाकली, तर पलीकडच्या तीरावरच्या इमारती जमिनीवर उभ्या नसून हवेत लटकल्यासारख्या दिसतात. त्यांची खालची बाजू धुक्याने खाल्लेली असते. उथळ पाण्याचा तो पांढुरका पत्रा खालून उजेड वर फेकतो. टर्नरचे पांढरे अस्तर ते हेच म्हणायला हरकत नाही.

पिवळा रंग आणि टीकाकारांचे स्वयंपाकघर

टर्नरचा पिवळा रंग त्याच्या हयातीत चेष्टेचा विषय झाला होता. १८४२ मध्ये त्याच्या समुद्री वादळाच्या चित्रावर लिहिताना एका नियतकालिकाने म्हटले, की हे गृहस्थ यापूर्वी साय, चॉकलेट, अंड्याचा बलक आणि जेली यांनी चित्रे काढत असत, आता त्यांनी सगळेच स्वयंपाकघर कामाला लावले आहे. विनोद बोचरा असला तरी निरीक्षण अगदीच चुकीचे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रसायनशास्त्राने चित्रकारांपुढे नवे रंग आणून ठेवले होते. कोबाल्टचा निळा आणि क्रोमियमपासून बनणारा झगझगीत पिवळा हे त्यांतलेच. टर्नरने ते इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा सढळ हाताने वापरले.

त्याच्या पेटीत एक पिवळा रंग मात्र भारतातून आलेला होता. 'इंडियन यलो' या नावाने तो युरोपात विकला जाई आणि इकडे त्याला 'पिउरी' म्हणत. भिंतीला पिवडी लावणाऱ्या घरात वाढलेल्या जुन्या मराठी माणसाला हे नाव परके वाटू नये. बिहारमधील मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावात गाईंना आंब्याची पाने खायला घालून त्यांच्या गोमूत्रापासून हा रंग बनवतात, असे त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये लंडनला कळवले होते. पुढे अनेकांनी ही हकिकत कपोलकल्पित ठरवली. परंतु मुखर्जींनी त्या वेळी पाठवलेले नमुने लंडनच्या क्यू येथील वनस्पती उद्यानात जपून ठेवलेले होते. अलीकडच्या काळात त्यांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा निष्कर्ष मुखर्जींच्या बाजूने झुकले. पारदर्शक आणि उबदार असा हा पिवळा पांढऱ्या अस्तरावर पसरला की मधासारखा उजळतो. युरोपातील सूर्यास्तांना बिहारच्या आमराईने हातभार लावला, ही गोष्ट कलेच्या इतिहासात फार ठळकपणे सांगितली जात नाही.

टर्नर रंगांविषयी वाचतही असे. जर्मन कवी गटे याच्या रंगसिद्धांताचा इंग्रजी अनुवाद १८४० मध्ये आला. पिवळा हा उजेडाच्या सर्वांत जवळचा आणि निळा हा अंधाराच्या जवळचा रंग, अशी गटेची मांडणी होती. भौतिकशास्त्राच्या कसोटीवर ती टिकली नाही, पण चित्रकाराच्या उपयोगाची ती नक्कीच होती. ज्या १८४३ च्या प्रदर्शनात 'व्हेनिसचा सूर्य' लागला, त्याच प्रदर्शनात टर्नरने गटेचे नाव शीर्षकात घालून एक चित्र मांडले होते.

होडी कशी चालते?

'व्हेनिसच्या सूर्या'त वादळ नाही, लाटांचे तांडव नाही. तरीही होडी पुढे सरकते आहे, याबद्दल पाहणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. स्थिर कॅनव्हासवर गती दाखवण्याचे काम येथे मुख्यतः पाण्याने केले आहे.

पाण्यातील प्रतिबिंब म्हणजे आरशातील प्रतिमा नव्हे. पाणी किंचितही हलत असले की प्रत्येक लहरीची उतरण एक छोटा तिरपा आरसा बनते आणि वस्तूचे प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या दिशेने लांब ओढले जाते. ते बाजूंना फारसे पसरत नाही. म्हणून शिडाचे प्रतिबिंब शिडापेक्षा कितीतरी लांब दिसते आणि ते आडव्या पट्ट्यांनी तुटलेले असते. दुसरा नियम असा की उजळ वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडे गडद आणि काळ्या वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडे उजळ दिसते, कारण पाणी सगळा प्रकाश परतवत नाही आणि स्वतःचा थोडा रंग त्यात मिसळते. तिसरा नियम नजरेच्या कोनाचा आहे. पायाजवळचे पाणी वरून पाहिले तर त्याचा स्वतःचा हिरवट-मातकट रंग दिसतो, दूरचे पाणी मात्र केवळ आकाश दाखवते. बोरिवलीहून गोराईला जाणाऱ्या फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहिले, तर पाच-दहा मिनिटांत हे तिन्ही नियम उघड्या डोळ्यांनी तपासता येतात. बोट सुटण्याआधीचे आणि सुटल्यानंतरचे पाणी यांतील फरक पाहणेही उद्बोधक ठरते.

टर्नरने हे नियम पाळले आणि जेथे सोयीचे नव्हते तेथे ते वाकवले. शिडाचे पिवळे-केशरी प्रतिबिंब तो हिरवट पाण्यात सोडतो, पण त्याच्या कडा बंद करत नाही. रंग हलका हलका होत पाण्यात मिसळतो. डोळा त्या उघड्या कडेवरून घसरतो आणि मेंदू त्याचा अर्थ हालचाल असा लावतो. शीड वाऱ्याने फुगलेले आहे, डोलकाठी किंचित कललेली आहे आणि मागचे शहर आडव्या क्षितिजावर निश्चल पहुडले आहे. एक ठाम आणि कललेला आकार, तर दुसरा विरलेला आणि आडवा. गती या दोहोंमधील तफावतीतून निर्माण होते. आधुनिक छायाचित्रकार पार्श्वभूमी धूसर करून धावणारा खेळाडू टिपतो तेव्हा तोही याच न्यायाचा आधार घेत असतो.

पण टर्नरला या गतीतून आणखी काही सांगायचे होते. प्रदर्शनाच्या माहितीपत्रिकेत त्याने या चित्राखाली स्वतः रचलेल्या काही ओळी छापल्या. त्यांचा आशय असा, की सकाळ प्रसन्न आहे, वारा अनुकूल आहे, होडी दिमाखात निघाली आहे, मात्र संध्याकाळी दबा धरून बसलेल्या संकटाची तिला कल्पना नाही. चित्रात या संकटाची एकही खूण नाही, ना ढग ना लाट. आशय ठाऊक झाल्यावर त्याच प्रसन्न पिवळ्याकडे पुन्हा पाहिले की तो वेगळा दिसू लागतो. मासेमारी बंदी उठल्यानंतर सजवलेल्या होड्या दर्यात लोटताना पाहणाऱ्या वेसाव्याच्या किंवा मढच्या कोळीवाड्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. नारळी पौर्णिमेचा नारळ हा आनंदाचा असतो, तसा भीतीचाही असतो. शिडे गेली, इंजिने आली, रंगवलेली नाळ आणि तिच्यावरचे नाव मात्र राहिले.

धुके की धूर?

गेल्या काही वर्षांत या धूसर सौंदर्याविषयी एक अस्वस्थ करणारा प्रश्न विचारला गेला आहे. फ्रान्स आणि अमेरिकेतील दोन संशोधकांनी २०२३ मध्ये टर्नर आणि क्लोद मोने यांच्या चित्रांचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले. जसजसे कोळशाच्या धुरातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूचे प्रमाण लंडन-पॅरिसमध्ये वाढत गेले, तसतशा या चित्रकारांच्या कडा पुसट आणि रंग पांढुरके होत गेले, असे त्यात आढळले. थोडक्यात, ज्याला आपण शैली म्हणतो तिचा काही भाग प्रदूषणाची नोंद असू शकतो.

हा निष्कर्ष व्हेनिसला सरसकट लावता येणार नाही. तेथील खाडीवर तेव्हा लंडनइतका कोळसा जळत नव्हता. टर्नरने व्हेनिस रंगवले ते बहुतांशी लंडनच्या घरात बसून, स्मरणातून. तेव्हा त्याच्या व्हेनिसमध्ये खाडीचे बाष्प किती आणि खिडकीबाहेरचा लंडनचा धूर किती, हे वेगळे करणे अवघड आहे. डिसेंबर-जानेवारीत उपनगरांवर तरंगणाऱ्या पांढऱ्या थराकडे पाहतानाही हाच प्रश्न पडायला हवा. लांबून तो देखणा दिसतो. सूर्य त्यातून केशरी गोळ्यासारखा उगवतो, त्याच्याकडे डोळे न दिपता पाहता येते, मोबाइलवर छायाचित्रे काढली जातात. त्यात खाडीचे दंव असते, तशीच बांधकामाची धूळ आणि वाहनांचा धूरही असतो. फुप्फुसांना या दोहोंतील फरक डोळ्यांपेक्षा लवकर कळतो.

अशा उजेडासाठी मोकळे क्षितिज आणि उथळ पाणीही लागते, आणि उपनगरांत या दोन्ही गोष्टी आक्रसत आहेत. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याला २०१५ मध्ये संरक्षण मिळाले, २०२२ मध्ये रामसर यादीत स्थानही मिळाले. त्याच पूर्व किनाऱ्यावरील कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्यास २०२४ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली. घरे हवीत यात वाद नाही. मात्र पाणी साचण्याची जागा म्हणून तरी मिठागरांचा हिशेब मांडला जातो, आकाश दिसण्याची जागा म्हणून तो कोणी मांडत नाही.

कोटितीर्थावरचा चित्रकार

पाणी आणि उजेड यांचा असा ध्यास घेतलेला चित्रकार महाराष्ट्रातही होऊन गेला. टर्नरच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि इंग्रजी निसर्गचित्रणाची पद्धत येथील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे तिच्या सुरुवातीच्या पिढ्यांतील गुणी विद्यार्थी. मुंबईत नाव कमावण्याची संधी असताना ते कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी आश्रय दिला. कोटितीर्थ तलावाच्या परिसरात राहून आबालाल रंकाळा, पंचगंगेचा घाट, पाण्यावरची सकाळ-संध्याकाळ रंगवत राहिले. व्हेनिसचे कालवे त्यांच्या वाट्याला आले नाहीत. दगडी घाट, देवळाची शिखरे आणि त्यांचे पाण्यात मोडणारे प्रतिबिंब ही सामग्री मात्र फार वेगळी नव्हती.

१९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले, तेव्हा शोकाच्या भरात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. चित्रांचे आकडे प्रत्येकाच्या तोंडी निराळे असतात. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची उरलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. उपनगरातून एका रात्रीच्या प्रवासात गाठता येतील, इतकी ती जवळ आहेत.

टर्नरने आपली चित्रे पाण्यात टाकली नाहीत, पण त्यांची निगाही राखली नाही. लंडनमधील त्याच्या खासगी दालनाचे छप्पर गळके होते आणि ओल चित्रांपर्यंत पोहोचत होती. उडून जाणारे रंग वापरल्याबद्दल विन्सर या रंगविक्रेत्याने त्याला हटकले, तेव्हा तुम्ही रंग बनवा, ते वापरायचे कसे हे मी पाहतो, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. परिणाम व्हायचा तो झालाच. 'व्हेनिसच्या सूर्या'तील पाण्याच्या हिरव्या लहरी पूर्वीइतक्या पारदर्शक उरल्या नसल्याची खंत टर्नरचा कट्टर पाठीराखा असलेल्या जॉन रस्किननेच पुढे नोंदवली. टर्नर १८५१ मध्ये वारला, तेव्हा सुमारे तीनशे तैलचित्रे आणि कागदावरील तीस हजारांच्या आसपास कामे इंग्लंडच्या राष्ट्राकडे आली. त्यांतील मोठा भाग आज टेट ब्रिटनमधील १९८७ साली उघडलेल्या क्लोर दालनात सांभाळला जातो.

व्हेनिसची जलरंगातील काही चित्रे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात, एडिंबरो येथे आहेत. ती देणाऱ्या हेन्री व्हॉन या संग्राहकाने मृत्युपत्रात एक अट घातली होती. ही चित्रे वर्षातून फक्त जानेवारी महिन्यात लोकांना दाखवावीत, कारण तेव्हा तिथला दिवसाचा उजेड सर्वांत क्षीण असतो आणि रंग उडण्याची भीती कमी असते. उरलेले अकरा महिने व्हेनिसचा तो प्रकाश अंधाऱ्या पेट्यांत बंद असतो.